माझी पकड सुटायची आणि लोक वा म्हणायचे

मी हरत होते आणि सगळे माझं कौतुक करत होते. माझ्या आजाराची सुरुवात अशी झाली.

तुम्हाला खोटं वाटेल. मला अजून वाटतं. माणूस आजारी पडला की लोक केळी घेऊन येतात, उशाशी बसून स्वतःच्याच दुखण्याचं सांगतात आणि जाताना ‘काळजी घ्या’ म्हणतात. माझ्या हातातली ताकद निघून चालली होती तेव्हा लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. म्हणून हे लिहायला बसले. कुणाच्या तरी घरात आत्ता अशीच एखादी बाई असेल, आणि तिलाही सगळे म्हणत असतील, काही नाही, कमजोरी आहे.

मी मंगल. वय त्रेचाळीस. परभणीत मोंढ्यामागच्या, म्हणजे धान्यबाजारामागच्या गल्लीत माझी पिठाची गिरणी आहे. आमचे मालक शाळेची व्हॅन चालवतात. ज्वारीचं पोतं मी एकटीनं ओढते, उचलते, कुणाची वाट बघत नाही. गिरणीच्या घरघरीवर आवाज काढायची सवय, त्यामुळं घरातही मी भांडल्यासारखीच बोलते असं मालकांचं म्हणणं. बरोबरच आहे, निम्म्या वेळी मी भांडतच असते.

आमच्या गल्लीतला अक्षय पुण्याला राहून ब्राझिलियन जिउजित्सू शिकून आला. आपल्या कुस्तीच्या नात्यातलाच खेळ. लाथा-बुक्क्या नाहीत. जमिनीवर धरायचं, दाबायचं, समोरच्याचा हात नाहीतर गळा अडकवायचा. अडकलेल्यानं दोनदा थाप मारली की लगेच सोडायचं. एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये गाद्या अंथरून त्यानं वर्ग काढला. पोरी बऱ्याच आल्या, पण सगळ्या तेरा ते सतराच्या, चिमणीएवढ्या. त्यांना अंगावर घ्यायला जड बाईमाणूस मिळेना. एक दिवस तो आईचं दळण न्यायला आला, मला पोतं उचलताना बघितलं आणि म्हणाला, "काकू, आमच्या पोरींना तुमच्यासारखं वजन पायजे."

मी त्याला झाडूनं हाणणार होते. पण गेले. त्या खेळाचा जाड पांढरा कोट घातला, कमरेला पट्टा बांधला, आरशात बघितलं आणि हसून हसून बेजार झाले. पंधरा दिवसांत मला त्याची अशी चटक लागली की संध्याकाळी गिरणी लवकर बंद व्हायला लागली आणि गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली.

*

मोठ्यांसाठी अक्षयचा एक नियम होता. लहानांशी खेळताना सगळा जोर लावायचा नाही. पोर अडकली की आपली पकड थोडी ढिली करायची, तिला निसटायला वाट ठेवायची. याला वर्गात ‘जागा देणं’ म्हणायचे. जागा मिळाली की पोरीला डाव सुचतो, तिची हिंमत वाढते. पण द्यायची अशी की तिला कळता कामा नये. वर्गात दोन धिप्पाड बाप्ये होते, त्यांना काही हे जमेना. ते एकतर पोरीला चेपायचे नाहीतर मेल्यासारखे पडून राहायचे. मला पहिल्या महिन्यातच जमलं. कणकेचा गोळा किती दाबायचा हे बाईला सांगावं लागत नाही.

माझी नेहमीची जोडीदार तनुजा. सोळा वर्षांची, कांबळे गुरुजींची मुलगी. काटकुळी, पण अंगात नुसता विंचू. हरली की रडायची, जिंकली की नाचायची, मधलं काही नाही. मला ती फार आवडायची, कारण माझ्यासारखीच तिरसट होती.

पहिले सात-आठ महिने मी तिला बधले नाही. मग हळूहळू ती मला हरवायला लागली. पहिल्या डावात मी तिला गादीला चिकटवून ठेवायचे, दुसऱ्यात बरोबरी, आणि तिसऱ्या डावात तिनं नुसतं मनगट फिरवलं की माझी पकड सुटायची. अक्षय सगळ्यांना थांबवून म्हणायचा, "बघा, काकूंनी कशी जागा दिली. याला म्हणतात मोठ्या माणसाचा खेळ." मग टाळ्या.

आता ऐका. मलाही तसंच वाटायचं! मला वाटायचं, अरे वा, आपल्याला न ठरवता जागा देता यायली की. सवय अंगात मुरली असेल. मी घरी येऊन मालकांना सांगायचे, आज पण माझ्यासाठी टाळ्या पडल्या म्हणून.

*

तनुजाला मात्र ते सहन होईना. तिची राज्याच्या स्पर्धेची निवड तोंडावर आली होती. एका संध्याकाळी तिसऱ्या डावात माझ्यावर बसून तिनं माझा हात अडकवला, मी थाप मारली, आणि ही जिंकलेली पोर उठून माझ्यावरच ओरडली.

"काकू, तुमी मुद्दाम सोडायलात!"

"न्हाई गं."

"न्हाई कसं? पहिल्या डावाला तुमचा हात मला हलत न्हाई, अन् आता बोट लावलं की सुटायलाय. येडी समजता का मला? तिथं गेल्यावर कोण देणार हाय मला जागा? मी खोटी जिंकायलेय तुमच्यामुळं!"

सगळा वर्ग थांबला. मलाही राग आला. मी म्हणलं, "शपथ घेऊन सांगते, मी सोडलं न्हाई."

तिनं आपल्या कोटाची कॉलर माझ्या मुठीत दिली. "धरा मग. गच्च धरा. मी काय बी करत न्हाई, नुसतं धरून दाखवा."

मी धरलं. तिनं झटका दिला नाही, हात लावला नाही, नुसती समोर बसून राहिली. आणि माझी करंगळी उघडली. मग तिच्या शेजारचं बोट. मग बाकीची. मी माझ्याच हाताकडं बघत होते. मी आतून ओरडत होते, धर, धर की! हात ऐकतच नव्हता. दुसऱ्याचा हात कुणीतरी आणून माझ्या मनगटाला लावल्यासारखं झालं होतं. मी पुन्हा मूठ वळली, पुन्हा तेच.

तनुजाचा राग कुठल्या कुठं गेला. तोंड पांढरंफटक. "काकू," ती हळूच म्हणाली, "तुमचा डावा डोळा मिटायलाय."

मला भीती नंतर वाटली. तेव्हा नुसता धक्का होता. आपण इतके दिवस उदारपणा समजत होतो तो उदारपणा नव्हताच. मी जागा दिलीच नव्हती. ती माझ्याकडून जात होती.

*

रात्रीचा स्वयंपाक करताना एकेक आठवायला लागलं. वेणी घालताना हात खाली यायचे, मी म्हणायचे केस फार झालेत. भाकरी चावता चावता जबडा थकायचा, मी म्हणायचे ज्वारी यंदा जाड आली. संध्याकाळी गिऱ्हाइकं विचारायची, सर्दी झाली का मंगलताई, नाकातून बोलायलात. मी म्हणायचे पिठाची धूळ. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडं कारण तयार होतं. इतकी कारणं सापडतात याचंच आता नवल वाटतं.

मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, "दुपारी पोतं उचललंस, मी डोळ्यानं बगितलं. अन् संध्याकाळी तुला ताट उचलंना व्हय? लेकरांसंगं लोळायला जातीस, हाडं दुखणारच. वय काय तुजं!"

त्यांचं सगळंच चुकीचं नव्हतं, आणि हाच या दुखण्याचा खोडसाळपणा आहे. सकाळी मी वाघीण. झोपून उठले की सगळी ताकद परत. ज्या डॉक्टरकडं दाखवायला जायचे तिथं सकाळी जायचे, आणि तो म्हणायचा, चांगल्या तर आहात. रक्त कमी, कमजोरी, या वयात होतं बायकांना. ताकदीची सलाईन लावून घरी. वालूरहून माझी आई आली, पडलेली पापणी बघून तिनं मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळा उघडा! आई म्हणाली, बघ. संध्याकाळी पुन्हा पडला तेव्हा म्हणाली, नजर भारी दिसते.

तुम्ही आजारी आहात आणि घरच्यांना तुम्ही नाटक करताय असं वाटतं, यासारखं एकटेपण नाही. मालक बोलले नाहीत तसं, पण बघायचे तसंच. मी डोळ्यांत पाणी आणून ताट खाली ठेवायचे आणि ते मान फिरवायचे. मला त्यांचा इतका संताप यायचा की ताकद असती तर ताटच फेकलं असतं.

माझ्यावर विश्वास होता तो एकट्या तनुजाचा. तिनं ती बोटं उघडताना पाहिली होती. तिनंच अक्षयचा पिच्छा पुरवला आणि त्यानं नांदेडच्या मेंदूच्या आणि नसांच्या डॉक्टरांचं नाव काढून दिलं. अक्षय मला दळण घेताना म्हणाला, "काकू, मी टाळ्या वाजवायला लावत होतो." आणि पिठाचा डबा उचलून मान खाली घालून निघून गेला.

*

नांदेडला मी, मालक आणि हट्ट करून आलेली तनुजा. डॉक्टरांची वेळ सकाळची. बाकावर बसल्या बसल्या मला घाम फुटला. म्हणलं, आता मी आत जाणार, हात-पाय ठणठणीत दाखवणार, आणि हे पण म्हणणार कमजोरी. पुन्हा सलाईन. पुन्हा मालकांची ती नजर.

तनुजाच्या डोक्यात तेच चाललं होतं. ती म्हणाली, "काकू, तुमी तिसऱ्या डावाला सुटता. मग तिसरा डाव हितंच करू."

आणि आम्ही केला. दवाखान्याच्या व्हरांड्यात, उभ्यानं. मी तिच्या ओढणीची दोन टोकं मुठीत धरायची, ती ओढायची, मी धरून ठेवायची. पुन्हा. पुन्हा. लोक उठून बघायला लागले. एका म्हाताऱ्यानं काठी उगारून मालकांना सांगितलं, "आवं, सोडवा की त्यास्नी, मायलेकी भांडायल्यात!" मालक भिंतीकडं तोंड करून उभे. त्यांना वाटत असेल धरणी पोटात घेईल तर बरं.

तेवढ्यात डॉक्टर दारात आले. पन्नाशीचे, चष्मेवाले. काय चाललंय म्हणून विचारलं. तनुजानं धापा टाकत सांगितलं, "सर, काकूंना थकवायलेय. थकल्याबिगर दिसत न्हाई."

मला वाटलं आता हाकलतात. ते हसले सुद्धा नाहीत. माझ्या तोंडाकडं बघत राहिले. म्हणाले, "एवढं करायची गरज नव्हती, मीच थकवलं असतं. पण आता झालंच आहे तर अशाच आत या."

आत त्यांनी मला छताकडं बघत राहायला सांगितलं. पापणी खाली आली. मग सिस्टरला बर्फ आणायला लावला, हातमोज्यात भरून माझ्या मिटलेल्या डोळ्यावर थोडा वेळ धरला. काढला आणि डोळा उघडला! सताड. मी ओरडलेच. मालक खुर्चीतून उठले आणि पुन्हा बसले.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, मायस्थेनिया ग्रेव्हिस. पुढं म्हणाले, "नस निरोप देते, पण स्नायूला तो नीट पोचत नाही. विसावा मिळाला की थोडा वेळ पोचतो. म्हणून सकाळी चांगलं, संध्याकाळी वाईट. रक्ताच्या आणि बाकी तपासण्या करू, पण मला शंका फारशी नाही."

मी विचारलं, "खेळल्यामुळं झालं का?"

"नाही. खेळल्यामुळं कळलं. नाहीतर तुम्ही अजून वर्षभर ज्वारीला दोष दिला असता."

मालकांनी विचारलं, "बरं होतंय का?"

"ताब्यात राहतं. बहुतेकांचं चांगलं राहतं. पण श्वासाचे आणि गिळायचे स्नायूही स्नायूच आहेत. ताप आला, खोकला झाला, गिळायला त्रास झाला तर घरी बसायचं नाही. आणि दुसरं कुठलंही औषध विचारल्याशिवाय घ्यायचं नाही."

श्वासाचे स्नायू. आतापर्यंत मी हाताचा, डोळ्याचा विचार करत होते. श्वास घ्यायला ताकद लागते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी तिथं बसल्या बसल्या एकेक श्वास मोजूनमापून घ्यायला लागले, जसं काही विसरले तर थांबेल.

बाहेर आल्यावर मालकांनी चहा सांगितला. कप माझ्या हातात दिला आणि स्वतःचा हात कपाखाली तसाच धरून ठेवला.

*

गोळ्यांनी चमत्कार केला. घेतली की तासाभरात हात वर. मी वेणी घातली, भाकऱ्या थापल्या, गिरणीत ओरडले. मला वाटलं, झालं, संपलं. लोकांना फोन करकरून सांगितलं. एवढी घाई करू नका, हे माझं ऐका.

पावसाळा सरता सरता खोकला झाला. दोन दिवस अंगावर काढला. तिसऱ्या दिवशी पाणी प्यायले ते नाकातून बाहेर आलं. मालक विचारत बसले नाहीत, पिशवी घेऊन त्यांनी मला थेट रेल्वे स्टेशनवर नेलं. नांदेडची गाडी समोरच उभी होती. वाटलं, तासा-दीड तासात नांदेड.

गाडी नांदेडच्या अलीकडं चुडाव्याला थांबली. समोरून दुसरी गाडी यायची होती. दुपारचं ऊन, पंखे बंद. आणि माझी मान पुढं पडली. उचलायला गेले तर उचलेना. हनुवटी छातीला टेकली आणि श्वास अर्धा यायला लागला. आत घेतलेला पुरेना. बोलायला गेले तर शब्द नाकात विरघळले. मी मालकांच्या शर्टाला धरायला गेले, बोटं नुसती घसरली.

मालकांनी माझ्या हनुवटीखाली तळहात घातला आणि मान वर उचलून धरली. दुसऱ्या हातानं पाठ. असे ते गाडी सुटेपर्यंत आणि मग नांदेड येईपर्यंत उभे होते. लोक जागा देत होते, बसा म्हणत होते, ते बसले नाहीत. डोळ्यांतून घळाघळा पाणी, पुसायला हात मोकळा नाही. "घे, घे, मंगल, श्वास घे," एवढंच. सगळ्या डब्यासमोर त्यांनी मला नावानं हाक मारली. लग्नानंतर पहिल्यांदा. मरता मरता सुद्धा मला ते जाणवलं आणि नवल वाटलं.

*

आयसीयूतलं फार सांगत नाही. घशात नळी, तोंड बंद, श्वास मशीनचा. पण डोकं ठार जागं. हे कुणी सांगत नाही. सगळं ऐकू येतं, सगळं कळतं, फक्त पापणी उचलत नाही. शेजारच्या खाटेजवळ कुणीतरी म्हणालं, "ही बाई बेशुद्ध हाय वाटतं." मला ओरडून सांगायचं होतं की तुझ्या बांगड्यांचा आवाज येतोय तोही मला कळतोय.

माझं रक्त मशीनमधून काढून, त्यातला वाईट भाग बदलून परत घालायचे. सकाळी अंग पुसणं, नळीतून कफ ओढणं, जे सगळ्यात वाईट, मग डॉक्टरांचा राऊंड, मग पुन्हा छताकडं. मला एकच भीती होती. मशीन काढलं आणि माझ्या छातीनं हातासारखंच केलं तर? करंगळी उघडली तशी ती आतून उघडली तर? ती भीती सांगायला माझ्याकडं आवाज नव्हता.

तिथल्या सुमन मावशी, आया, एका दुपारी खोबरेल घेऊन आल्या आणि माझी गुंतलेली वेणी सोडवत बसल्या. कुणी सांगितलं नव्हतं. सोडवता सोडवता आपल्या सुनेची चुगली करत होत्या. किती बरं वाटलं म्हणून सांगू! माझ्याशी कुणीतरी जिवंत बाईशी बोलतात तसं बोलत होतं.

मालक एकदा आत आले, खाटेची कड धरून म्हणाले, "मला वाटायचं तू सोंग करायलीस. खरंच वाटायचं." आणि रडले. मला त्यांची कीव आली, आणि खरं सांगते, रागही आला. वाटलं, आता सांगता होय, आता मला तोंड नाही तेव्हा! बोलता आलं असतं तर चांगली खरडपट्टी काढली असती. ती मी पुढं घरी गेल्यावर काढलीच.

नळी निघाली. छाती चालली. पहिला श्वास माझा मी घेतला तेव्हा मला आनंद झाला नाही, भीतीच वाटली. दुसरा आला. मग तिसरा. संध्याकाळपर्यंत मी विश्वास ठेवला नाही.

*

वॉर्डात आणल्यावर तनुजा वडलांबरोबर आली. मला बघून दारातच थबकली. मग गोड आवाजात म्हणाली, "काकू, किती छान दिसायलात तुमी. लवकर बऱ्या होणार."

ते ऐकून मी जेवढी घाबरले, तेवढी मशीनला घाबरले नव्हते. ही पोर गोड बोलायली म्हणजे आपलं काही खरं नाही.

मग बरं होणं चालू झालं आणि सगळं जगच गोड झालं. स्टिरॉइडच्या नव्या गोळ्यांनी तोंड पुरणपोळीसारखं फुगलं, तर बायका म्हणायच्या, अंग धरलं हो. मी डबा उचलला की मालक म्हणायचे, वा वा. डॉक्टर म्हणायचे, छान प्रगती. गिऱ्हाइकं म्हणायची, पहिल्यासारखा आवाज झाला. मला कशाचाच भरवसा वाटेना. टाळ्या मी आधी ऐकल्या होत्या. टाळ्या पडत असताना माझा हात मेला होता. आपण खरंच बऱ्या होत आहोत की सगळे आपल्याला सांभाळून घेतायत, हे मला कोण सांगणार? रात्रंदिवस तेवढंच डोक्यात. मी मुठी वळून बघत बसायचे, पण स्वतःच्या हातावरचाही विश्वास उडाला होता.

या दुखण्यातल्या लोकांना मला एवढंच सांगायचं आहे. थकायच्या आधी थांबा, थकल्यावर नाही. गोळीची वेळ चुकवू नका. आणि घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा की माझ्याशी खोटं बोलू नकोस. एकच पुरे, पण ठेवा.

*

वर्ष झालं. औषध कमी झालं. डॉक्टरांना विचारून विचारून बेजार केलं तेव्हा त्यांनी परवानगी दिली. सकाळच्या वेळी, एक छोटा डाव, गळ्याला हात नाही, दम लागला की बंद. मालक शेडच्या दारात पाण्याची बाटली घेऊन उभे राहिले. येऊ नका म्हणलं तरी आले.

तनुजा समोर बसली. आता सतरा पूर्ण, खांदे रुंदावलेले. आम्ही हात मिळवला, खेळ चालू झाला. मी तिला खाली ओढलं. ती आली. मी तिचा दंड धरला. तिनं सोडवला नाही. मी वर आले, ती निवांत खाली. दोन क्षणांत मला कळलं. ही कला मला कोण शिकवणार?

मी उठून बसले. "तनुजा, तू मला जागा द्यायलीस."

"न्हाई काकू."

"लाज वाटत न्हाई? मलाच देतीस?"

"मी किती वेळा तुमचा गळा धरला होता," ती म्हणाली. "डॉक्टर न्हाई म्हणले तरी मला वाटतंय मीच केलं. तुमच्या अंगाला हात लावायचं बी भ्या वाटायलंय मला."

वर्षभर ही पोर हे उराशी घेऊन हिंडत होती! मी तिला जवळ घेतलं, डोकं छातीशी दाबलं आणि मग म्हणलं, "ऐक. सगळे मला बरी झाली म्हणायलेत. माझा कुणावरच विश्वास न्हाई, तुझ्यावर हाय. पयल्यांदा खरं तूच बोललीस. आता बी खरं खेळ. मी हरले तर हरले. पण मला फसवू नको गं."

तिनं नाक पुसलं. मान हलवली. आणि जी सुटली, माय माय! मला उलटी केली, बसली, हात अडकवला, मी थाप मारली. पुन्हा बसलो, पुन्हा थाप. मला एवढं बरं वाटायलं होतं की हसू आवरेना.

तिसऱ्यांदा मी दुसरं काही केलं नाही. तिच्या कोटाची बाही मनगटाजवळ धरली आणि ठरवलं, आता फक्त हे. तिनं हात फिरवला. बाही मुठीत राहिली. तिनं माझ्या कमरेला पाय लावून ओढलं, मी घसरत गेले, बाही राहिली. तिनं दुसऱ्या हातानं माझं मनगट धरून झटका दिला, शिवी हासडली, पुन्हा झटका दिला. माझी बोटं दुखत होती. करंगळीकडं मी बघितलं सुद्धा नाही. "बस्स!" अक्षय ओरडला, "काकू, झालं, थांबा आता."

तनुजा उठली. तोंड लालबुंद. "सर, अजून थोडं द्या!" ती अक्षयवर खेकसली. "निघंनाच मला! सगळा जोर लावला होता मी!" आणि पट्टा गादीवर आपटून भिंतीकडं तोंड करून रडायला लागली.

मी तिथंच आडवी झाले आणि मलाही हुंदका फुटला. मालक बाटली टाकून धावत आले. "काय झालं? दम लागला? कुठं दुखायलंय?"

"कुठंच न्हाई वो," मी म्हणलं. "तिच्याकडं बगा तुमी. खरंखुरं रडायलीय."